किताबातला बाजार, हातातलं हुनर

खानदेशातल्या मुस्लिम आडनावांची यादी वाचली, तर ती एखाद्या जुन्या पेठेच्या वहीसारखी वाटते. पिंजारी म्हणजे कापूस पिंजून गाद्या-रजया भरणारा. मणियार बांगड्यांचा, अत्तार सुगंधाचा, तांबोळी पानांचा, शिकलगार हत्यारांना धार लावणारा, रंगरेज कापड रंगवणारा, मोमीन मागावर बसणारा, कागदी कागद करणारा. जळगाव, धुळे, चोपडा, यावल, पारोळा, शिरपूर, कुठल्याही गावात ही आडनावं भेटतात. धंदा मात्र बऱ्याच घरांतून उठून गेला. धुनकीची तार वाजायची तिथे आता फोमच्या गाद्या येतात आणि पिंजाऱ्याचा मुलगा रिक्षा चालवतो.

अशाच एखाद्या घरातला दहा-बारा वर्षांचा मुलगा निवासी मदरशात दाखल होतो. हिफ्ज म्हणजे कुराण मुखोद्गत करायला त्याला तीन-चार वर्षं लागतात. पुढे आलिम व्हायचं असेल तर आणखी सात-आठ वर्षं. विशीत तो दस्तारबंदी करून, डोक्याला पगडी आणि हातात सनद घेऊन बाहेर पडतो. गावात एक मशीद आणि तिला एक इमाम पुरतो. सनदवाले मात्र दरवर्षी नवे येतात. इमामाचं वेतन मशिदीच्या वर्गणीवर, म्हणजे गावाच्या ऐपतीवर अवलंबून. म्हणून मदरशातल्या मुलांना काहीतरी हुनर शिकवा, त्यांना आपल्या पायावर उभं करा, ही मागणी समाजाच्या आतून आणि बाहेरून बऱ्याच वर्षांपासून होते आहे. शिवणकाम, भरतकाम, पिशव्या, अत्तर, अगरबत्ती, संगणक असे वर्ग सुरू होतात, फोटो निघतात, मशीनं येतात. काही ठिकाणी ते टिकतात; पुष्कळ ठिकाणी दोन-तीन वर्षांत मशीनवर कापड टाकून ठेवलेलं दिसतं. असं का होतं आणि काय केलं तर होणार नाही, याचा हा आढावा.

आधी प्रश्नाचा आकार नीट समजून घेऊ, कारण त्याबाबत दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये सांगितलं की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी साधारण 3 ते 4 टक्केच मदरशांत शिकतात. बाकीची शाळेत जातात आणि सकाळ-संध्याकाळ मोहल्ल्यातल्या मक्तबात कुराण वाचायला बसतात. मक्तब वेगळं आणि निवासी मदरसा वेगळा. हा फरक न करता बोलणाऱ्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये. पण ही 3-4 टक्के मुलं कोणती, ते पाहायला हवं. गरीब, मोठ्या कुटुंबातली, पुष्कळदा पितृछत्र हरपलेली. खानदेशात त्यात सातपुड्याच्या पायथ्याची, यावल-रावेर-चोपडा पट्ट्यातली तडवी मुलंही असतात. आदिवासी आणि मुसलमान अशी त्यांची दुहेरी ओळख. याशिवाय बिहार, झारखंडकडून आलेली मुलं, ज्यांना मराठीचा गंधही नसतो. मदरसा त्यांना जेवण, छप्पर, कपडे आणि अक्षरओळख देतो. हे काम दुसरं कुणी करत नव्हतं, हे आधी मान्य करूनच पुढचं बोलणं योग्य.

याच सच्चर अहवालात आणखी एक नोंद आहे, तिच्याकडे कमी लक्ष जातं. मुस्लिम कामकऱ्यांपैकी सुमारे 61 टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत, इतरांपेक्षा जास्त. म्हणजे मदरशातला मुलगा ज्या समाजातून येतो, तो नोकरदारांचा समाज नाहीच. घरात कुणी हातगाडी लावतो, कुणी गॅरेज चालवतो, कुणी शिलाई करतो. उद्योजकता त्याने चुलत्याच्या गल्ल्याशेजारी बसून पाहिलेली असते. निवासी शिक्षणाने ही साखळी अनेक वर्षं तुटते. हुनर शिकवण्याचा प्रश्न म्हणून फक्त नवीन काही देण्याचा नाही, तुटलेलं जोडण्याचाही आहे.

ही साखळी किती जुनी, ते खानदेशच्या भूगोलातच लिहिलेलं आहे. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर ही फारुकी सुलतानांची पहिली राजधानी. तिथून ती बुऱ्हाणपूरला गेली आणि बुऱ्हाणपूरचं तलम कापड सतराव्या शतकात इराण-तुर्कस्तानापर्यंत पोहोचलं. फ्रेंच प्रवासी तावर्निये याने त्याबद्दल लिहून ठेवलं आहे. पुढे 1857 नंतरच्या धामधुमीत आणि दुष्काळांत उत्तरेकडचे मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे उतरले आणि बुऱ्हाणपूर, धुळे, मालेगाव, भिवंडी अशा ठिकाणी स्थिरावले. धुळ्याचे यंत्रमाग हा त्याच प्रवासाचा वारसा. आणि एरंडोल-यावल! इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये ही दोन्ही गावं हातकागदासाठी नावाजलेली म्हणून नोंदली आहेत. जाडाभरडा देशी कागद, पण हिशेबाच्या वह्यांना, दस्तांना आणि किताबांना तोच लागे. गिरणीच्या कागदाने तो धंदा संपवला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात हातकागदाची परंपरा अजून धुगधुगी धरून आहे. एरंडोलला ती फक्त स्मरणात.

कागदाची आठवण उगाच काढली नाही. मदरसा आणि हस्तकला यांचं नातं कागदापासूनच सुरू होतं. नक्कल करणारा कातिब, सुलेखन करणारा खुशनवीस आणि जिल्द बांधणारा जिल्दसाज हे तिघे किताबाच्या भोवती वाढलेले कारागीर. देवबंदच्या दारुल उलूममध्ये, जे 1866 साली सुरू झालं, खुशनवीसीचा विभाग आहे आणि शिवणकाम, जिल्दबंदी शिकवणारा दारुस्सनाए नावाचा विभागही. म्हणजे मदरशात हुनर ही कल्पना सरकारी योजनेतून आलेली नाही. उलेमांनी ती स्वतःच मान्य केली होती. ती कोपऱ्यातल्या एका खोलीत राहिली एवढंच.

खानदेशाला या विषयात आणखी एक जवळचा धागा आहे. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन यावल तालुक्यातल्या फैजपूरला भरलं. नंदलाल बोस यांनी बांबू, गवत, गावातली साधनं वापरून टिळकनगर उभं केलं आणि गांधीजींनी तिथे खादी-ग्रामोद्योगांचं प्रदर्शन भरवून घेतलं. शेकडो वर्षं हाताने काम करणाऱ्या माणसांच्या कामाकडे त्या दिवसांत देशाने मान वर करून पाहिलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1937 मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद झाली आणि हस्तोद्योगातून शिक्षण या विचाराचा आराखडा करायला जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष होते दिल्लीच्या जामिया मिल्लियाचे डॉ. झाकीर हुसेन. नई तालीमचा आराखडा करणारा हा माणूस मुस्लिम शिक्षणसंस्थेचा कुलगुरू होता. त्या समितीने एक इशाराही तेव्हाच देऊन ठेवला होता. हस्तोद्योगाची आर्थिक बाजू शिक्षणाच्या बाजूवर चढू देऊ नका, नाहीतर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यातच गुंततील. हा इशारा आज कुठल्याही निवासी संस्थेच्या भिंतीवर लावण्यासारखा आहे. मुलं चोवीस तास तिथेच राहतात, आईबाप लांब, तपासणारं कुणी नाही. अशा जागी शिक्षण आणि बालमजुरी यांच्यातली भिंत फार पातळ असते. घरच्या धंद्यात शाळेबाहेरच्या वेळेत केलेली मदत आणि बालकलाकार हे अपवाद सोडले, तर 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावणं 2016 च्या दुरुस्तीनंतर कायद्याने बंद आहे. शिकण्यासाठी शिवणं आणि विकण्यासाठी शिवणं यातली रेघ मदरशाने स्वतः, वयानुसार, लेखी आखून घ्यावी.

महाराष्ट्र सरकारने 2013 मध्ये मदरसा आधुनिकीकरणाची योजना आणली, तिला याच डॉ. झाकीर हुसेन यांचं नाव दिलं. योजनेत विज्ञान, गणित, समाजशास्त्र, मराठी, हिंदी, इंग्रजी, उर्दू शिकवणाऱ्या शिक्षकांना मानधन मिळतं. ऑक्टोबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने डी.एड. शिक्षकांचं मानधन 6,000 वरून 16,000 आणि बी.एड. शिक्षकांचं 8,000 वरून 18,000 रुपये केलं. फार चांगला निर्णय. 6,000 रुपयांत गणिताचा शिक्षक टिकेल अशी अपेक्षा करणंच चूक होतं. पण विषयांच्या यादीत हस्तोद्योग नाही. ज्यांनी आयुष्यभर हाताच्या कामाला शिक्षणाच्या मध्यभागी ठेवा म्हणून सांगितलं, त्यांच्या नावाच्या योजनेत शिवण शिकवणाऱ्या उस्तादाला मानधनाची सोय नसावी, हे मला मनापासून खटकतं. एक ओळ वाढवली तर सुधारता येईल.

केंद्राच्या योजनांचा इतिहास थोडक्यात सांगतो, कारण त्यात नावं फार आणि सातत्य कमी. सीखो और कमाओ, मग 2015 मध्ये पारंपरिक कलांसाठी उस्ताद नावाची योजना आणि त्याच वर्षी नई मंजिल. यातली नई मंजिल खास मदरशातल्या आणि शाळा सुटलेल्या मुलांसाठी होती. मुक्त विद्यालयातून आठवी-दहावीचा दाखला आणि सोबत किमान तीन महिने कौशल्य प्रशिक्षण, अशी तिची जोडणी होती. दाखला आणि हुनर एकत्र बांधणारी ही कल्पना या सगळ्यांत सर्वांत शहाणी. पुढे या योजना पीएम विकास नावाच्या एका छत्राखाली गेल्या. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत 18 व्यवसाय आहेत, 15,000 रुपयांची अवजारं आणि 5 टक्के व्याजाने आधी 1 लाख, मग 2 लाखांचं कर्ज आहे. शिंपी त्यात आहे, चटई-टोपल्या-झाडू करणारा आहे. पण मागावरचा विणकर नाही आणि पिंजारीही नाही. शिवाय अर्जदार 18 वर्षांचा आणि त्या धंद्यात प्रत्यक्ष काम करणारा हवा. विशीत मदरशातून बाहेर पडलेल्या मुलाने हा धंदा कधी केला, हे तो कसं दाखवणार?

दाखल्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. छोटा धंदा सुरू करायला दाखला लागतोच असं नाही. खादी आयोगाच्या रोजगार निर्मिती कार्यक्रमात उत्पादनाचा 10 लाखांवरचा किंवा सेवेचा 5 लाखांवरचा प्रकल्प असेल तरच आठवी पास असण्याची अट येते. पण आयटीआयला प्रवेश हवा, शिकाऊ उमेदवारी हवी, वाहन परवान्यापलीकडे काही हवं, की मदरशाची सनद कुणी विचारत नाही. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये उत्तर प्रदेशचा मदरसा कायदा वैध ठरवला, मात्र कामिल आणि फाजिल या पदव्या देण्याची तरतूद रद्द केली. महाराष्ट्रात तर तसा कायदाच नाही. इथल्या मुलाला मुक्त विद्यालय हीच वाट, आणि ती मदरशाने प्रवेशाच्या पहिल्या दिवसापासून धरली पाहिजे, शेवटच्या वर्षी धावपळ करून नव्हे. 2015 मध्ये राज्य सरकारने औपचारिक विषय न शिकवणाऱ्या मदरशांतल्या मुलांना शाळाबाह्य धरण्याचं ठरवलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! अपमान झाला ही भावना खरी होती. पण मुलाच्या हातात कागद नाही, ही गोष्टही खरीच होती.

या सगळ्याला खानदेशातच एक उत्तर उभं राहिलं, ते सातपुड्याच्या कुशीत, अक्कलकुव्याला. संस्था सुरू झाली तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. 1 जुलै 1998 ला नंदुरबार वेगळा झाला. सुरत जिल्ह्यातून आलेल्या मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी 1979 मध्ये थोड्याशा विद्यार्थ्यांना घेऊन जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम सुरू केलं. आदिवासी तालुका, रस्ते नाहीत, पैसे नाहीत. चाळीस वर्षांत तिथे हिफ्ज आणि आलिमच्या वर्गांशेजारी आयटीआय, अभियांत्रिकी पदविका, औषधनिर्माणशास्त्र, डी.एड., बी.एड., युनानी वैद्यक असं सगळं उभं राहिलं. जालना जिल्ह्यात बदनापूरजवळ तर वैद्यकीय महाविद्यालय झालं. दाढी, टोपी आणि मायक्रोमीटर एकाच मुलाकडे असू शकतात, हे या संस्थेने बोलून नव्हे, करून दाखवलं. जानेवारी 2011 मध्ये वस्तानवी देवबंदचे मोहतमीम, म्हणजे प्रमुख, झाले आणि त्याच वर्षी जुलैत त्यांना ते पद सोडावं लागलं. वाद राजकीय वक्तव्यांवरून झाला. पण मदरसा कसा असावा, याबद्दलचा ताणही त्याच्या तळाशी होता, असं माझं मत आहे. 4 मे 2025 ला ते गेले. त्यांच्यामागे राहिलेला प्रश्न हा की अक्कलकुव्यासारखी संस्था एखादीच होते. त्यामागे देणग्यांचं मोठं जाळं आणि एका माणसाची अफाट जिद्द लागते. धुळ्याच्या किंवा भुसावळच्या एखाद्या गल्लीतल्या साठ-सत्तर मुलांच्या मदरशाने काय करायचं? त्याच्याकडे आयटीआयची इमारत नाही. त्याच्याकडे आहेत उस्ताद, किताबं आणि मुलं.

माझ्या मते सुरुवात किताबांपासूनच करता येते. ही गोष्ट कौशल्य प्रशिक्षणवाल्यांच्या लक्षात येत नाही, कारण त्यांनी मदरशांचा दर्से-निजामी हा अभ्यासक्रम कधी उघडून पाहिलेला नसतो. त्यात सुरुवातीच्या वर्षांत फिकहचा, म्हणजे इस्लामी कायद्याचा, एक ग्रंथ येतो, तो मुख्तसर अल-कुदूरी. लिहिणारे बगदादचे इमाम कुदूरी, अकराव्या शतकातले. त्यांच्या नावाचा संबंध हंड्यांच्या, भांड्यांच्या धंद्याशी लावतात. असे एकटेच नव्हते. जस्सास म्हणजे चुना-गिलाव्याचं काम करणारा, खस्साफ म्हणजे जोडे शिवणारा. वक्फावर आणि न्यायदानावर ग्रंथ लिहिणारे खस्साफ चांभारकामावर पोट भरत, असं त्यांच्या चरित्रांत सांगतात. स्वतः इमाम अबू हनीफा कूफ्यात रेशमी कापडाचे व्यापारी होते. हाताने कमावलेल्या घासाला हदीसमध्ये सगळ्यांत वरचं स्थान आहे आणि तिथे उदाहरण दिलं आहे ते लोखंडाचं चिलखत घडवणाऱ्या हजरत दाऊद यांचं. मुलांना हे सारं माहीत असतं, पाठ असतं.

आता त्याच कुदूरीत आणि पुढे हिदाया या ग्रंथात किताबुल बुयू नावाचं प्रकरण येतं, खरेदी-विक्रीचं. त्यात काय शिकवतात? मुराबहा म्हणजे माल मला कितीला पडला ते गिऱ्हाइकाला सांगून, वर ठरलेला नफा घेऊन विकणं. इस्तिस्ना म्हणजे अजून तयार नसलेल्या वस्तूची ऑर्डर घेणं, माप आणि वर्णन ठरवून. जोडे, भांडी अशी उदाहरणं. सलम म्हणजे आगाऊ पूर्ण पैसे घेऊन ठरल्या तारखेला माल देणं. खियारे-ऐब म्हणजे मालात खोट निघाली तर परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क. खियारे-रूयत म्हणजे न पाहता घेतलेली वस्तू पाहिल्यावर नाकारण्याचा हक्क. आणि त्याच ग्रंथांतल्या वेगळ्या प्रकरणात मुदारबा, म्हणजे एकाचं भांडवल आणि दुसऱ्याची मेहनत. ऑनलाइन विक्री, गुणवत्ता, कराराची अट, भागीदारी, या सगळ्याचं बीज पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या पुढ्यात अरबीत उघडलेलं असतं. तो ते घोकतो, तकरारला बसून सोबत्यांना समजावतो, परीक्षेत लिहितो. आणि संध्याकाळी शिलाईच्या वर्गात त्याला कुणी विचारलं की ही टोपी तुला कितीला पडली, तर त्याला सांगता येत नाही. मुराबहाची अट त्याला पाठ आहे, खर्च काढणं मात्र येत नाही. किताब वरच्या मजल्यावर आणि मशीन खालच्या खोलीत. मधे जिनाच नाही.

हा जिना बांधायला फार पैसा लागत नाही. एक वही लागते. समजा, मुलं कापडी पिशवी शिवतात. कापड 30 रुपये, बंद 6, दोरा 2, वीज 1, एकूण 39. बाजारात ती 50 ला जाते. सगळे खूश, 11 रुपये नफा! पण ती शिवायला पंचवीस मिनिटं लागली. तासाला 60 रुपये मजुरी धरली तर 25 रुपये तिथेच गेले. पिशवी पडली 64 ला आणि विकली 50 ला, म्हणजे 14 रुपयांचा तोटा. मदरशात हा तोटा दिसत नाही, कारण मुलाचं जेवण-राहणं फुकट आणि त्याच्या वेळेची किंमत शून्य धरलेली. वर्ग चालतो, प्रदर्शनात माल विकला जातो, पाहुणे कौतुक करतात. मुलगा घरी जाऊन तोच धंदा सुरू करतो आणि चार महिन्यांत मशीन विकतो. हुनर वाया गेलं म्हणतात. हुनर ठीक होतं, हिशेब चुकला होता. मदरशातल्या उत्पादनाच्या प्रत्येक वहीत मजुरीचा रकाना हवा आणि 14 वर्षांवरच्या मुलाच्या नावावर ती मजुरी खरोखर जमा व्हायला हवी. बाहेर पडताना सनदेसोबत स्वतःच्या खात्याचं पासबुक हातात पडलं, तर त्याला पहिल्या महिन्याचं भाडं भरता येईल.

गिऱ्हाईक कोण, हा त्यानंतरचा प्रश्न. इथे इंडोनेशियाकडून घेण्यासारखं आहे. तिथे निवासी मदरशांना पेसांत्रेन म्हणतात आणि ती हजारोंनी आहेत. पूर्व जावातलं सिदोगिरी हे जुनं पेसांत्रेन; तिथल्या सहकारी संस्थेचा उगम 1961 मधला. विद्यार्थ्यांना रोज लागणाऱ्या वस्तूंच्या दुकानापासून ती वाढत गेली आणि दुकानांच्या साखळीपर्यंत पोहोचली. पश्चिम जावाच्या प्रांतिक सरकारनेही एक पेसांत्रेन, एक उत्पादन अशी योजना आणली. मला यातलं सिदोगिरीचं सूत्र महत्त्वाचं वाटतं: पहिलं गिऱ्हाईक आपणच. खानदेशातल्या मदरशांना वर्षाला किती कुर्ते-पायजमे लागतात, किती टोप्या, गाद्या, उशा, चादरी, हजेरीपटाच्या आणि किताबांच्या किती जिल्दी, किती साबण? हा माल आज बाजारातून येतो. पाच-सात मदरशांनी मिळून एकाने कपडे, एकाने गाद्या, एकाने जिल्दबंदी घेतली, तर गिऱ्हाईक शोधायला प्रदर्शनात जावं लागणार नाही. गाद्या भरायला पिंजारी घरातला आजोबा अजून गावात आहे; त्याला उस्ताद म्हणून मानाने बोलवावं. घरचा धंदा मदरशात परत येण्याचा याहून सरळ रस्ता मला दिसत नाही.

कोणतं हुनर निवडावं, याचं उत्तर गावागणिक बदलेल. रावेर-यावलच्या पट्ट्यात केळी आहे. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. घड उतरवला की खोड शेताच्या बांधावर सडतं. त्याच्या सोपटांपासून धागा निघतो, त्याच्या पिशव्या, चटया, दोर, कागदसुद्धा होतो. शेजारच्या गुजरातेत नवसारीच्या कृषी विद्यापीठाने यावर चांगलं काम केलं आहे. एरंडोल-यावलच्या हातकागदाची परंपरा केळीच्या खोडातून पुन्हा उभी राहिली, तर मला फार आनंद होईल. पण स्वप्न पाहताना वजन विसरू नये. खोड पाण्याने भरलेलं, जड. ओझंभर खोडातून मूठभर धागा. वाहतूक आणि वाळवण यांतच कमाई जाऊ शकते. हे शेताजवळच्या मदरशाने करावं, शहरातल्याने नव्हे. धुळ्यात यंत्रमाग आहेत, पण मागाचा धंदा स्वतःच दम खात चालला आहे; तिथे मुलाला मागावर बसवण्यापेक्षा मागाची, शिलाई मशीनची, मोटारीची दुरुस्ती शिकवणं शहाणपणाचं. जळगावात चटईचे कारखाने आहेत, सोन्याची पेठ आहे. तिथे शिकाऊ म्हणून मुलं जाऊ शकतात. दुरुस्तीला हस्तकलेचा मान मिळत नाही, हे चूक आहे. यंत्रातला बिघाड हाताच्या स्पर्शाने ओळखणं हेही हुनरच. आणि काहीही शिकवलं तरी मराठी हवीच. दाणाबाजारात, बँकेत, पंचायत समितीत उर्दूने काम होत नाही. बिहारहून आलेल्या मुलाला तर मराठी हे पहिलं अवजार.

मुलींच्या मदरशांबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे थोडंच सांगतो. मालेगावात मुलींच्या निवासी दीनी शिक्षणाची परंपरा जुनी आहे आणि खानदेशातही असे मदरसे आहेत. तिथे शिवण, भरतकाम, मेंदी शिकवतात आणि मुलांपेक्षा मुली ते घरी जाऊन जास्त टिकवतात, कारण घरबसल्या करता येतं. पण त्यांच्या कामाचा भाव मधला माणूस ठरवतो. लग्नाच्या ओढणीवर रात्र-रात्र जागून केलेल्या कामाचे पैसे हातात किती पडतात, हे कुणी वहीत लिहीत नाही. मजुरीचा रकाना मुलींच्या वहीत तर आधी हवा.

भांडवलाची अडचण शेवटी राहतेच. व्याजाचं कर्ज बहुतेक आलिमांना मान्य नाही, त्यामुळे विश्वकर्माचे 5 टक्केही अडतात. देवबंदमध्ये 1961 पासून मुस्लिम फंड बिनव्याजी छोटी कर्जं देतो. तसा फंड जळगाव-धुळ्यात मोठ्या प्रमाणावर चालवायचा, तर हिशेब चोख आणि तपासणी बाहेरची हवी. जळगाव जिल्ह्याने ठेवीदारांना रडवणाऱ्या पतसंस्था पाहिलेल्या आहेत. मदरशाच्या अंतर्गत पुरवठ्यातून आलेल्या नफ्याचा एक हिस्सा बाजूला ठेवून, मुदारबाच्या नियमाने माजी विद्यार्थ्याला भांडवल देता येईल. नफा झाला तर वाटून, भांडवल बुडालं तर संस्थेचं. नियम किताबात आहे, उस्तादांना तोंडपाठ आहे.

राहिला वेळ. फजरपासून, म्हणजे पहाटेच्या नमाजापासून, मदरशाचा दिवस सुरू होतो. सकाळचे धडे, जेवण, झोप, दुपारच्या जोहरनंतर पुन्हा धडे, संध्याकाळच्या मगरिबनंतर मुताला म्हणजे स्वतःचं वाचन, रात्रीच्या इशानंतर तकरार म्हणजे उजळणी. मोकळी असते ती असरच्या आणि मगरिबच्या नमाजांमधली वेळ, तास-दीड तास. मुलं तेव्हा अंगणात क्रिकेट खेळतात आणि ती खेळायलाच हवीत. ती वेळ हिरावून हुनर शिकवू नये. आठवड्यातले दोन दिवस जोहरनंतरचा एक धडा किताबुल बुयूचा आणि त्याच्याच पुढचा तास वहीचा असा जोडला, तर खेळही राहतो. शव्वाल महिन्यात नवे प्रवेश होतात, नवं वेळापत्रक लागतं. येत्या शव्वालला एखाद्या मोहतमीम साहेबांनी फळ्यावर कुदूरीतली मुराबहाची मूळ ओळ आणि तिच्याखाली त्या पिशवीचे 39 रुपये लिहून धडा सुरू करावा, एवढंच मला हवं आहे.